शिवल्यांच्या जागी आलेली काळी शिंपली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या माघी अमावस्येला माझी आई ठाणे खाडीतून जवळजवळ रिकामी टोपली घेऊन परत आली. तळाशी ओंजळभर शिवल्या, म्हणजे चिखलात राहणारे आमचे खाण्याचे शिंपले, होत्या आणि त्यांच्यावर काळपट शिंपल्यांचे एक ढेकूळ होते, माझ्या दोन मुठींएवढे. ते तिने अंगणातल्या घमेल्यात टाकले, पायावरचा चिखल धुतला आणि म्हणाली, "बघ गो बाय, आता खालती ह्येच हाय. आपल्या शिवल्या नाय रायल्या."

माझे माहेर ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातले. मी स्वतः सत्तावीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले, आता निवृत्त आहे. आई शहात्तर वर्षांची आहे आणि लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात उतरते आहे. शिवल्या, कालवं, चिंबोऱ्या, कधी निवट्या. आमच्या चौघा भावंडांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्या टोपलीतून निघाला आहे. वडिलांच्या होडीला भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत काही मिळायचे नाही, तेव्हा घर आईच्या वाट्यांवर चालायचे. नाक्यावर केळीच्या पानावर ती शिवल्यांचे वाटे लावून बसायची आणि दुपारपर्यंत टोपली रिकामी करून यायची. रिकामी टोपली हा त्या काळी आनंदाचा विषय होता.

हे सांगते आहे ते जुन्या आठवणी काढायच्या म्हणून नाही. खाडीच्या तळाशी काय बदलते आहे हे सगळ्यात आधी कोणाला कळते, ते लक्षात यावे म्हणून. शिवली डोळ्यांनी शोधायची नसते. गुडघाभर चिखलात उभे राहून पायाने चाचपायचे, बोटांना तिची गोल कड लागली की वाकून हात घालायचा. आईच्या पायांना हा चिखल पन्नासहून अधिक वर्षे ठाऊक आहे. कुठे रेताड आहे, कुठे लोण्यासारखा मऊ आहे, कुठे जुन्या कालवांची खडक झालेली कड आहे, हे ती डोळे मिटून सांगेल. तीच सांगते की गेल्या दोन-तीन वर्षांत पाय चिखलापर्यंत पोचतच नाही. वर कोणी गोधडी अंथरावी तसा या काळ्या शिंपल्यांचा थर असतो, त्यावर पाय ठेवला की कातडी फाटते. शेजारच्या दोन बायकांनी याच कारणाने खाडीत उतरणे सोडले. एकीच्या टाचेची जखम महिनाभर चिघळली होती.

मी ते ढेकूळ घेऊन बसले. धुऊन मोजले तर एकशे चाळीस शिंपले निघाले, सगळ्यात मोठा चार सेंटिमीटरच्या आसपास, सगळ्यात लहान तांदळाच्या दाण्याएवढा. म्हणजे आजीपासून पणतीपर्यंत सगळे कुटुंब एकाच ढेकळात. कवच पातळ, नखाने दाबले तर कडेला तुटेल इतके. रंग बहुतेकांचा काळा, काहींचा तपकिरी, दोन-तीन हिरवट-पिवळे. प्रत्येकाच्या पोटातून रेशमासारखे बारीक तंतू निघालेले आणि त्या तंतूंनी ते एकमेकांना, एका मेलेल्या शिवलीच्या कवचाला आणि प्लॅस्टिकच्या एका तुकड्याला घट्ट बांधलेले. एक शिंपला ओढला की दहा बरोबर येत होते. ढेकळाखालचा चिखल काळाकुट्ट होता आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास होता. आपली शिवली असे कधी करत नाही. ती एकटी राहते, चिखलात चार बोटे खाली, आणि दोन बारीक नळ्या वर काढून एकीने पाणी घेते, दुसरीने सोडते. तिच्या डोक्यावर अशी गोधडी पडली तर तिला श्वास कुठून मिळणार? तिच्या पिल्लांना तर बसायला मोकळा चिखलच उरत नाही.

जोडशिंपल्यांचा हा प्रकार कोकणातल्या खडकाला चिकटणाऱ्या शिणाण्यांसारखा दिसतो, पण शिणाणे नव्हे. आतून पाहावे म्हणून मी शाळेतले जुने भिंग काढले. काही शिंपल्यांच्या टोकाला, चोचीच्या आतल्या बाजूला, एक छोटासा आडवा पडदा दिसला. बहुतेकांत तो नव्हता. हा फरक बारीक वाटेल, पण त्याला अर्थ आहे. बाहेरून आलेले दोन शिंपले भारताच्या किनाऱ्यावर चांगलेच माहीत झाले आहेत. एकाचे शास्त्रीय नाव मायटिलॉप्सिस सॅली, त्याच्या आत असा पडदा असतो. दुसरा मायटेला स्ट्रायगाटा, ज्याला चारू शिंपला म्हणतात, त्यात तो नसतो. दोघांचेही मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण किनाऱ्यावर. बाहेरून पाहिले तर दोघे भाऊ वाटावेत. एका भिंगावर नाव ठरवणे माझ्या अधिकारातले नाही. ते प्रयोगशाळेचे काम आहे आणि ते व्हावे यासाठीच हे पत्र आहे.

पहिला पाहुणा नवा नाही. विशाखापट्टणमच्या बंदरात त्याची नोंद 1967 सालची आहे आणि मुंबईच्या नौदल गोदीतही तो सापडल्याचे 1975 साली छापून आले आहे. म्हणजे मी शाळेत जाऊ लागले त्या सुमारास तो आपल्या बंदरात आला होता आणि इतक्या वर्षांत आम्हा खाडीकाठच्या माणसांना कोणी त्याचे नावही सांगितले नाही. दुसऱ्याची, चारूची, भारतातली पहिली शास्त्रीय नोंद 2019 मधली, केरळमधली. कोचीच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी ती केली. त्यानंतर कोल्लमजवळच्या अष्टमुडीपासून वेंबनाडपर्यंत, केरळच्या एकामागून एक खाजणांत तो आढळला. तिथले मच्छीमार त्याला वरत्तन कक्का म्हणतात. वरत्तन म्हणजे परका, बाहेरून आलेला. नोव्हेंबर-डिसेंबर 2017 च्या ओखी वादळानंतर त्याचा फैलाव वाढला, असे तिथे म्हटले जाते.

अष्टमुडीचे उदाहरण मला सगळ्यात जास्त लागते. ते सरोवर 2002 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे. तिथल्या शिवल्यांची मासेमारी इतकी नीट चालवली होती की 2014 मध्ये तिला शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, भारतात असे प्रमाणपत्र मिळवणारी ती पहिली. लहान शिवली धरायची नाही, अंडी घालण्याच्या दिवसांत थांबायचे, जाळ्याचा डोळा अमुक एवढाच ठेवायचा, हे सगळे तिथल्या लोकांनी पाळले. आणि मग हा परका आला. नियम पाळणाऱ्यांच्या शिवल्यांवरही त्याने तीच गोधडी अंथरली. म्हणजे आपण सगळे बरोबर केले तरी दार उघडे असेल तर घर जातेच.

तामिळनाडूत पुलिकतला तेच. चिलिकानंतरचे ते देशातले दुसरे मोठे खाऱ्या पाण्याचे सरोवर. तिथे या शिंपल्याला काक्का आळी म्हणतात. कोळंबी दिवसा चिखलात शिरून बसते, पण चिखलावर शिंपल्यांचा थर बसला की तिला शिरायला जागा राहत नाही. तिथल्या इरुळा समाजाच्या बायका पाण्यात बसून हातांनी कोळंबी पकडतात, हेच त्यांचे पोट. हात घालायचा तिथे धारदार कवचे. हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. हे मी वाचले तेव्हा आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारले, "त्या बाया आता काय करतान?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

हे शिंपले इथवर चालत येत नाहीत. जहाज रिकामे निघाले की तोल राहावा म्हणून टाक्यांत समुद्राचे पाणी भरते आणि माल घ्यायच्या बंदरात ते सोडते. त्या पाण्यात शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले तरंगत असतात. काही जहाजांच्या बुडालाच चिकटून येतात. आमच्या खाडीच्या तोंडाशी एका अंगाला मुंबई बंदर आणि नौदलाची गोदी आहे, समोर न्हावा-शेवा. भरतीचे पाणी तिथून आत येते आणि ठाण्यापर्यंत जाते. तोलाच्या पाण्यासाठी आंतरराष्ट्रीय करार 2004 मध्ये झाला, 8 सप्टेंबर 2017 ला लागू झाला आणि 8 सप्टेंबर 2024 पर्यंत करारातल्या जहाजांनी ते पाणी शुद्ध करूनच सोडायचे असे ठरले. चांगले झाले. पण जे आधीच आत आले आहेत त्यांच्यावर या कराराचा काही उपाय नाही, आणि बुडाला चिकटून येणाऱ्यांवर तर तो लागूच नाही.

आत आल्यावर त्यांना आपली खाडी मानवते. पावसाळ्यात गोडे पाणी उतरते, उन्हाळ्यात खारटपणा चढतो, पण चारू दोन्ही सोसतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आणि शहरांचे सांडपाणी यांनी आपल्या शिवल्या आधीच अशक्त केल्या होत्या. पुलांचे खांबही आहेत. पूर्वी या खाडीत टणक जागा म्हणजे कालवांच्या कडा आणि तिवरांची मुळे. आता वाशीचे पूल, ऐरोलीचा पूल, खाली शिवडी-न्हावा शेवा. चिकटायला जागा शोधणाऱ्या पिल्लाला प्रत्येक खांब म्हणजे तयार घर. मी पुलांच्या विरोधात नाही. माझी मुलगी रोज ऐरोलीच्या पुलावरून कामाला जाते. पण खांब उभे करताना त्यांच्यावर काय बसते आहे हे अधूनमधून उतरून बघायला काय हरकत आहे?

काही जण विचारतात, मग तुम्ही हेच का खात नाही? आईने तेही करून पाहिले. घमेल्यातले धुऊन उकडले. एकशे चाळीस शिंपल्यांतून निघालेले मांस एका लहान वाटीच्या तळाला मावले. मसुरीएवढे तुकडे, निम्म्यांत वाळू. शिवल्यांच्या एकशिपीची सर त्याला येणार नाही हे सोडाच, त्याचा वाटा लावला तर दिवसभराच्या कष्टाचे तेलमिठाचे पैसेही सुटणार नाहीत.

काढून टाकता येतील का, हा दुसरा प्रश्न. ऑस्ट्रेलियात डार्विन शहराच्या बंदरात मार्च 1999 मध्ये मायटिलॉप्सिस सापडला. त्याआधी सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो तिथे नव्हता. इतक्या थोड्या अवधीत एका गोदीत चौरस मीटरला वीस हजारांहून जास्त शिंपले झाले होते. त्यांनी पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतून तो मुळासकट संपवला. जमले, कारण त्या गोद्यांना दरवाजे होते, ते बंद करता आले. आणि त्या पाण्यातले बाकीचे जीवही मेले, हेही खरे. आमच्या खाडीला दरवाजा नाही. दिवसातून दोनदा सगळे पाणी आत-बाहेर होते. इथे औषध ओतणे म्हणजे उरलेल्या चिंबोऱ्या आणि बोईट आपल्या हाताने मारणे. तेव्हा असे काही कोणी सुचवले तर आम्हाला ते नको आहे, हे मी आत्ताच सांगून ठेवते. डार्विनच्या लोकांकडून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. ते पाण्याखाली ठराविक काळाने बघत होते, म्हणून त्यांना सहा महिन्यांत कळले.

आपल्याकडे बघण्याची सोय नाही असेही नाही. 2015 मध्ये खाडीच्या पश्चिम भागात फ्लेमिंगो अभयारण्य झाले, 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, माझ्या आईच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. हिवाळ्यात रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, येतात, तज्ज्ञ दुर्बिणी लावून मोजतात, एक लाखाच्या वर आकडा जातो आणि तो आपल्या वर्तमानपत्रात छापून येतो. मला त्याचा अभिमान वाटतो. माझ्या वर्गातली कित्येक मुले मी त्या रोहितांना दाखवून जीवशास्त्राकडे वळवली. पण रोहित ज्या चिखलात चोच घालून चरतो तो चिखल कोणी मोजताना मी पाहिलेला नाही. हे शिंपले पाणी गाळून त्यातले सूक्ष्म शेवाळ खातात, रोहितही त्याच ताटात जेवतो. तळ झाकला गेला तर वरचे फार दिवस राहणार नाही, एवढे समजायला विज्ञानाची शिक्षिका असावे लागत नाही. आईला ते शाळेत न जाता समजते.

ते ढेकूळ मी फेकले नाही. त्यातले थोडे स्पिरिटमध्ये बाटलीत भरले, तारीख-जागा लिहिली आणि एका सरकारी कार्यालयात घेऊन गेले. तिथे मला सांगितले की हा विषय पक्ष्यांचा नसल्याने दुसरीकडे जा. दुसरीकडे सांगितले की मासळीचे उत्पन्न किती घटले त्याचा आकडा आणा. आईकडे आकडा कुठून येणार? तिने कधी पावती फाडली नाही. घाऊक बाजाराच्या नोंदीत शिवल्या-कालवांच्या टोपल्या येतच नाहीत, कारण त्या होडीतून नव्हे, बायकांच्या डोक्यावरून नाक्यावर येतात. पुलाच्या भरपाईच्या वेळीही हेच झाले होते. होडी असलेल्याला कागद मिळाला, टोपलीवालीला नाही. त्या कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांच्या फायलीत हा रकानाच नाही. पण रकाना नाही म्हणून नुकसान झाले नाही असे होत नाही.

तेव्हा आपल्यामार्फत माझी मागणी एवढीच आहे. जैवविविधता केंद्राने आणि मत्स्यव्यवसाय खात्याने मिळून या शिंपल्यांची शास्त्रीय ओळख पटवून घ्यावी आणि ती मराठीत, चित्रासह, दिवा, गोठिवली, जुहूगाव, वाशी, सारसोळे, दिवाळे अशा प्रत्येक कोळीवाड्यात लावावी. पक्षी मोजायला येता तेव्हा त्याच दिवसांत तळाचीही मोजणी करावी, दरवर्षी, त्याच जागी. आणि त्या मोजणीत या बायकांना मजुरी देऊन घ्यावे. वाटाड्या म्हणून नव्हे, जाणकार म्हणून. कुठे गोधडी पडली आहे, कुठे अजून मोकळा चिखल आहे, याचा नकाशा आईसारख्या दहा बायका एका भरती-सुकतीत काढून देतील. जिथे अजून शिवल्या टिकून आहेत त्या जागा कळल्या तर तिथला थर हातांनी काढता येईल, निदान बियाण्यापुरती जागा राखता येईल. आमच्या वाडीतल्या चार जणींनी या उन्हाळ्यात खोलीएवढ्या एका तुकड्यावर हे करून पाहिले. हातमोजे घालून, घमेल्यात भरून, शिंपले काठावर उन्हात टाकले. परत पाण्यात टाकले तर ते पुन्हा बसतात, म्हणून काठावर. दीड महिन्याने आई तिथे गेली तेव्हा कडेने पुन्हा काळे दिसू लागले होते. मधल्या भागात मात्र तिला अकरा शिवल्या लागल्या, पायाच्या नखाएवढ्या. तिने त्या उचलल्या नाहीत.

अमावस्येला आणि पौर्णिमेला आमच्याकडे भर दुपारी भरती असते आणि सकाळी लवकर सुकती लागते. ज्यांना बघायचे असेल त्यांनी साडेसहाला दिवा कोळीवाड्याच्या जेटीवर यावे. जाड तळाचे गमबूट आणावेत, चपला चालणार नाहीत. आई बरोबर येईल. बाटल्या माझ्याकडे आहेत, आतापर्यंत नऊ झाल्या, सगळ्यांवर तारीख आणि जागा लिहिलेली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ऐरोली, नवी मुंबई